उघड्यावर पेरलेलं बी

मामा, आज तुमच्याशी बोलायला बसताना डोक्यावरचा पदर पुढं ओढला नाही. काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचती झाली, आणि ओसरीवर तुम्ही बसायचात ती जागा मी सकाळी सारवून घेतली. हे रानात गेलेत. तुमचा मुलगा बापामागं गप्प झालाय, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. मी माजघराच्या उंबऱ्याच्या आत बसले आहे. इथून तुम्हाला माझा आवाज ऐकू यायचा आणि तोंड दिसायचं नाही. आता ओसरीवर जाऊन बसायला कुणाची हरकत नाही, पण पाय उचलत नाही. सवय, दुसरं काय.

लग्न होऊन मी मिरजगावात आले तेव्हा आत्याबाई जाऊन वर्ष लोटलं होतं. सासू असती म्हणजे सासऱ्याचं बोलणं तिच्या तोंडून सुनेकडं आणि सुनेचं तिच्या तोंडून सासऱ्याकडं, अशी आपल्याकडची रीत. इथं मधलं माणूसच नव्हतं. तुमचा मुलगा दिवसभर रानात. मग तुम्ही दारातून खाकरायचात आणि ओसरीला बांधलेल्या वासराला विचारायचात, "काय रं, च्या झाला का न्हाई अजून?" मी आतून त्याच वासराला सांगायची, "उकळतोय म्हनावं." त्या मुक्या जनावरानं दोन वर्षं आपला संसार चालवला. भाकरी वाढल्याचं त्याला सांगायचं, मीठ संपल्याचं त्याला सांगायचं. एकदा तर ते वासरू रानात चरायला गेलं होतं आणि तुम्ही मोकळ्या खुंट्याला विचारलंत, "पानी तापलं का?" मी चुलीपुढं तोंडात पदर कोंबून हसले होते. तुम्हाला ते कळलं असणार, कारण त्यानंतर तुम्ही बराच वेळ खाकरत होता.

मी राहात्याकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. माझ्या वडिलांच्या पेरूच्या बागेत उन्हाळ्यातही पायाखाली ओल असायची. तुमच्याकडं आले आणि पहिल्यांदा समजलं की पाणी हे विचारून वापरायचं असतं. तुम्ही वासराला ऐकवायचात, "पाटावरची मानसं हायेत बाबा, त्यांना तांब्या भरून घ्यायची सवय." मला राग यायचा. माझ्या माहेराला कुणी बोललेलं मला अजूनही चालत नाही. पण तो राग कुणाला सांगणार, वासरालाच.

मागच्या वर्षी श्रावणात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, मी बाळंत झाले. मूल रडलं नाही एवढं मला कळलं. पुढं माझंच रक्त थांबेना, आणि यांनी धावत जाऊन हमरस्त्यावर एक ट्रक थांबवला आणि मला त्यात घालून नगरला नेलं. दवाखान्यात मी किती दिवस होते ते मला आठवत नाही. परत आले तेव्हा पाळण्याचा दोर आढ्यावरून काढलेला होता. मुलगी होती, एवढं यांनी सांगितलं. तुम्ही तिला फडक्यात गुंडाळून रानात नेलंत आणि एकट्यानं माती दिलीत, हेही यांनीच सांगितलं. कुठं, ते यांनाही ठाऊक नव्हतं. हे तर माझ्याजवळ होते. सुईणीला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, मी तुझ्याकडं बघत हुते, तुझा जीव चालला हुता. पोरीकडं बघायला कुनाला सवड हुती?"

त्या दवाखान्यात एक नर्सबाई होती. मला डोळा लागत नाही हे तिच्या लक्षात आलं. गोळी दिली की मी झोपायची, नाही दिली की छताकडं बघत राहायची. दवाखान्याच्या मागच्या अंगणात तिनं डब्यांमधून एक झाड लावलं होतं. पानं पुदिन्यासारखी, पण जरा मोठी आणि सुरकुतलेली. बोटांत चुरडलं की लिंबाचा वास. ती त्याला लेमन बाम म्हणायची. पूर्वी ती डोंगरावर महाबळेश्वरच्या बाजूला नोकरीला होती, तिथून बी आणलं होतं. त्याची दोन-चार पानं गरम पाण्यात टाकून मला संध्याकाळी प्यायला द्यायची आणि माझ्या उशाशी बसून दिवसभरात कोण कोण आलं, कोण घरी गेलं ते सांगायची. निघताना तिनं माझ्या हातावर बियांची पुडी ठेवली. म्हणाली, "थंडीत पेर. आणि लक्षात ठेव, वरून माती घालायची नाही. नुसतं भुरभुरायचं आणि हातानं हलकं दाबायचं. याला उजेड लागतो."

दिवाळी झाल्यावर मी ती पुडी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि वासराला सांगितलं की नगरहून झाडाचं बी आणलंय, औषधाचं आहे. एवढंच सांगितलं. बाकीचं मी स्वतः करणार होते. पण बी म्हटल्यावर तुम्ही गप्प बसणार थोडेच! पुडी सोडलीत, चिमूटभर तळहातावर घेतलंत, डोळ्यांपाशी नेलंत. राळ्याहून बारीक, काळपट बी. "ह्याला काय म्हनावं, बी का तपकीर?" पण तुम्ही उठलात. फुटक्या रांजणाचं खापर आणलंत, ओढ्यातली वाळू आणलीत, शेणखत आणलंत, आणि माझी पिठाची चाळण न विचारता घेऊन ते सगळं चाळलंत. ती चाळण त्यानंतर पिठाच्या कामाची राहिली नाही. तुम्ही पाण्याचा शिपका मारलात, बोटानं ओळी ओढल्यात, अर्धं बी त्यात सोडलंत. आणि मग, सगळ्या जन्मात जे करत आलात ते केलंत. दोन्ही बाजूंची माती ओढून ओळी बुजवल्यात आणि वरून तळहातानं सारखी केलीत.

मी दाराच्या फटीतून बघत होते. नर्सबाईचे शब्द माझ्या ओठांवर होते. सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही हे तर होतंच, पण खरं तेवढंच नव्हतं. तुमचा तो हात मातीवरून हळू फिरत होता, कुठं दगड लागतोय का बघत होता, आणि मला वाटलं, रानातही असाच फिरला असेल.  मी आत जाऊन भाकरी थापायला बसले.

त्या खापरातून काही उगवलं नाही. तुम्ही रोज सकाळी जाऊन बघायचात. दुष्काळाचं वर्ष, बैल चारा छावणीत गेलेले, हे सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे, रान नांगरून कोरडं पडलेलं. सगळ्या शिवारात तुमच्या हातून पेरलेलं तेवढंच होतं. विहिरीच्या तळाशी घागर बुडण्यापुरतं पाणी, तेही पाळीपाळीनं काढायचं. त्यातलं तुम्ही त्या खापराला घालायचात. घरातल्या पाण्यातून नाही, स्वतःच्या प्यायच्या तांब्यातून. मी हे बघायची आणि माझा जीव तुटायचा, कारण मला माहीत होतं की ते येणार नाही. थंडी चढली तरी माती काळी ती काळीच.

मग एक दिवस तुम्ही उरलेली पुडी घेतलीत, दुसरं खापर भरलंत आणि वासराकडं तोंड करून विचारलंत, "मागल्या टायमाला काय चुकलं असंल म्हनावं?"

मी उंबऱ्याबाहेर आले. पदर होता, पण तोंड तुमच्याकडं होतं. म्हटलं, "झाकायचं न्हाई, मामा."

तुम्ही दचकलात. वासरूही दचकलं असेल, त्याची नोकरी गेली. तुम्ही जमिनीकडं बघत विचारलंत, "झाकायचं न्हाई म्हंजे?"

"वरच ठिवायचं. उजेड लागतो त्याला."

"बियाला उजेड कशाला? ते काय वाचायला बसतंय व्हय?"

मला हसू आलं आणि तुम्हालाही. पण हसून झाल्यावर तुम्ही जे बोललात ते मी विसरणार नाही. म्हणालात, "उघडं टाकलेलं बी म्हंजे पाखराचं न्हाईतर मुंगीचं. मी कवा असं केलं न्हाई. माझ्या हातानं हुनार न्हाई. तूच टाक."

मला तुम्ही 'तू' म्हणालात. मी ओसरीवर बसले, तुमच्यापासून हातभर अंतरावर. बी चिमटीत घेतलं, मीठ भुरभुरतात तसं ओल्या मातीवर टाकलं आणि बोटांनी दाबलं. तुम्ही बाजूला बसून अस्वस्थपणे मांडी बदलत होता. माझं झाल्यावर तुमचा हात मातीकडं गेलाच, आणि तुम्ही तो मागं घेतलात. मग म्हणालात, "मुंग्यांचं काय?" आणि आतून परात मागितलीत, तिच्यात बोटभर पाणी घातलंत, मधोमध दगड ठेवून त्यावर खापर ठेवलंत. मुंगीला पोहून जावं लागेल असा बंदोबस्त. चिमण्यांसाठी वर जुन्या पलंगाची सुतळीची जाळी. तांब्याच्या तोंडानं पाणी ओतलं तर बी वाहून जाईल म्हणून लिंबाची डहाळी तांब्यात बुडवून शिंपडायची, हे तुम्ही शोधून काढलंत. नर्सबाईनं तेवढं सांगितलं नव्हतं.

ते यायला लई वेळ लागला, मामा. ज्वारी चार-पाच दिवसांत डोकं वर काढते, हे गवत आपलं पडूनच. तुम्ही रोज म्हणायचात, "बघ, न्हाई आलं." त्यात थोडा आनंदही असायचा, खोटं कशाला बोला. आणि एका सकाळी तुम्ही ओसरीवरून हाक मारलीत. नुसतीच हाक, नाव नाही, "अगं" नाही, काही नाही. मी पिठाच्या हातानं धावले. मातीवर हिरवी धूळ दिसत होती. दोन दोन पानं, डोळ्यांनी धड दिसणार नाहीत एवढी. तुम्ही खापरावर वाकला होता आणि श्वास लागेल म्हणून तोंडावर उपरणं धरलं होतं. त्या हिवाळ्यात आपल्या शिवारात दुसरं काहीच उगवलेलं नव्हतं.

चूक मात्र तुम्ही कधी कबूल केली नाहीत! पहिल्या खेपेला बी खराब होतं, म्हणालात. मी म्हटलं, पुडी एकच होती. मग म्हणालात, तेव्हा थंडी बेताची होती. मग खत जास्त झालं. मग चाळणीला पीठ चिकटलेलं होतं, त्यानं माती आंबली. ही चाळणही माझ्याच माथी! मी दारातून उत्तर द्यायची, मग दारात उभी राहून, मग ओसरीवर बसून. वर्षभर आपण त्या एका गोष्टीवर वाद घातला. हे जेवता जेवता म्हणायचे, "आरं, उगवलंय ना आता, मग कशाला?" त्यांना काय कळणार. दोन वर्षं वासराशी बोलल्यावर मला एक भांडण मिळालं होतं आणि ते मी सोडणार नव्हते. यंदाच्या थंडीत एकदाचा निकाल लावायचा ठरलं होतं, आपल्याच झाडांचं बी, दोन खापरं, एक झाकलेलं, एक उघडं. खापरं तुम्ही भरूनही ठेवलीत. थंडी पडायच्या आत तुम्ही गेलात. हा वाद आता मी जिंकले असं कुणी म्हणू नये. मला तो जिंकायचाच नव्हता.

रोपं चार पानांवर आल्यावर तुम्ही ती डब्यांत लावलीत. उन्हाळ्यात ती जगणार नाहीत असं मलाच वाटत होतं. डोंगरावरचं झाड ते, आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात करपून जायचं. तुम्ही सगळे डबे उचलून माजघरात, रांजणाच्या तिवईखाली आणून ठेवलेत. रांजण पाझरतो, ती ओल त्यांना मिळायची. त्यासाठी तुम्हाला माजघरात यावं लागायचं, सून वावरते तिथं. पहिल्या दिवशी तुम्ही उंबऱ्यावर इतका वेळ खाकरलात की मला वाटलं तुम्हाला ठसका लागलाय.

पानं तोडण्याजोगी झाली तेव्हा मी संध्याकाळी पाणी उकळून त्यात टाकली आणि प्याले. झोप आली का? पहिल्यांदा नाही आली. दुसऱ्या दिवशी पेला हातात घेतला तर तुम्ही ओसरीवरून म्हणालात, "मलाबी घोटभर दे त्या गवताचं." मला वाटलं, चव बघायची असेल. तुम्ही गरम गरम प्यालात, पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "श्रावनापासनं डोळ्याला डोळा न्हाई." एवढंच.  इतके महिने मी एका भिंतीच्या आत जागी होते आणि तुम्ही त्याच भिंतीच्या बाहेर. मला आपली मीच एकटी जागी असं वाटत होतं. त्या दिवसापासून दोन पेले व्हायला लागले. तुम्ही साखर मागायचात आणि मी देत नव्हते. मग मला झोप यायला लागली. ती त्या पानांनी आली असं नर्सबाई म्हणेल. म्हणू दे.

यंदा पाऊस झाला. डबे अंगणात आले, झाडं कंबरेला लागतील अशी माजली, बारीक पांढरी फुलं आली आणि मधमाश्या दिवसभर घोंगावू लागल्या. ज्या बायका माझ्याकडं बघून आवाज खाली करायच्या त्या पानं मागायला येऊ लागल्या. कुणी चहात घातली, कुणी डोकं दुखतंय म्हणून कपाळाला चोळली.

आणि दसरा झाल्यावर श्रीगोंद्याहून आक्का आल्या, तुमच्या थोरल्या बहीण. माझ्यासाठी त्यांनी बांगड्या आणल्या होत्या, आणि यांच्यासाठी मुलगी. त्यांच्या धाकट्या दिराची. मी आत भाकरी करत होते, आणि आक्कांनी आवाज कमी केला नाही. "डाक्टरनी सांगितलंय, हिला आता धोका हाय. झालं तरी टिकंल का? वंश काय असाच सोडायचा का? दोघी नांदतील गुन्यागोविंदानं. आन एक झालं हुतं, ती तर पोरगीच."

तुम्ही म्हणालात, "पोरगी हुती आक्का. माझी नात हुती."

माझी तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहिली. पण आक्का थांबणाऱ्या नव्हत्या. हो म्हण, नाही म्हण, एकदाचं काय ते सांग. तेव्हा तुम्ही उठलात आणि म्हणालात, "बघू."

मामा, तुमचं 'बघू' मला चांगलं माहीत होतं. जे करायचं नसेल त्यालाही तुम्ही बघू म्हणायचात आणि जे मनात पक्कं असेल त्यालाही. विहीर खोल करायला बघू म्हणालात आणि आठवड्यात सुरुंग लावणारे आणलेत. गावच्या पुढाऱ्याला मताचं बघू म्हणालात आणि त्याच्याकडं फिरकला नाहीत. मग हे कुठलं बघू होतं? मी रोज ठरवायची की आज विचारीन. चाळणीवरून तुमच्याशी भांडायला मला आता भीती वाटत नव्हती. पण पेला हातात दिला की मी तशीच आत वळायची. यांना विचारलं तर हे म्हणाले, "आबा म्हनतील तसं." आणि आबा काहीच न म्हणता एका सकाळी विहिरीच्या कडेला बसल्या जागी गेले.

आता दहाव्याचं सांगते. तुमच्याबद्दलच होतं ते सगळं आणि तुम्हीच तेवढे नव्हता.

सीनेच्या काठावर पिंड ठेवला. हे डोकं भादरलेले, ओल्या धोतरानं हात जोडून उभे. आम्ही बायका मागं. बाभळीवर कावळे भरपूर होते, पण यंदा बाजरी पिकली, ज्वारी उभी आहे, त्यांची पोटं भरलेली. मागच्या वर्षी हातातली भाकरी हिसकून नेणारे कावळे यंदा पिंडाकडं बघायलाही तयार नाहीत. ऊन चढलं. मग ज्याला जे सुचेल ते सांगायला लागला. विहिरीचं काम राहिलं असंल. हे म्हणाले, पुरं करतो आबा. कावळा नाही आला. गाय विकतील असं वाटत असंल. हे म्हणाले, विकत नाही. नाही आला. माणसं चुळबुळ करायला लागली.

तेव्हा आक्का पुढं झाल्या. रडत होत्या, खोटं नाही, भाऊ गेला होता त्यांचा. म्हणाल्या, "नातवाचं तोंड बघायचं राहिलं रं त्याचं. म्हनून शिवंना. म्हन बाबा, दुसरं घर करतो म्हन. बघ आत्ता येतो का न्हाई."

सगळं माणूस यांच्याकडं बघायला लागलं. पिंडापुढं दिलेला शब्द माघारी घेता येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोराला कळत होतं. यांचे ओठ हलले. हे मला सोडायला निघाले होते असं नाही मामा, यांच्याकडं बापाला घालायला दुसरं काही उरलं नव्हतं. आणि बाभळीवरचा एक कावळा तेवढ्यात खालच्या फांदीवर आला. मला वाटलं, हे बोलतील आणि हा उतरेल, आणि मग जन्मभर मी कुणाला काय सांगणार?

मी बायकांमधून पुढं गेले. चारचौघांत, पुरुषांच्या पुढं, माझा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला. म्हटलं, "आक्का, मामांनी नातीचं तोंड बघितलंय. सोताच्या हातांनी तिला माती दिली त्यांनी. बघायचं राहिलं ते माझं."

 आक्का मागं सरून खाली वाळूत बसल्या. यांनी डोळे पुसले, जोडलेले हात सोडले आणि भटजींना म्हणाले, "दर्भाचा करा." भटजींनी दर्भाची काडी पिळून कावळा केला आणि पिंडाला शिवला. रीतीप्रमाणे तेही चालतं. घरी येताना आक्का माझ्या शेजारून चालत होत्या. काल गाडीत बसताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दिराच्या मुलीचा विषय काढला नाही.

तुमच्या मनात नातू नव्हता असं मी तिथं म्हटलं नाही, आणि आताही म्हणत नाही. असेलही. कुठल्या म्हाताऱ्याच्या मनात नसतो? कदाचित कावळा खरंच त्यासाठी थांबला असेल, आणि मी तुम्हाला उपाशी पाठवलं. त्याची टोचणी मला राहील, पण परत तशी वेळ आली तर मी परत तेच बोलेन. तुमचं 'बघू' काय होतं ते तुम्ही बरोबर नेलंत. त्याचं उत्तर मी तुमच्या तोंडी घालणार नाही.

तुम्ही मला ओसरीवर बसवलंत, माझ्याशी भांडलात, माझी जाग वाटून घेतलीत. आक्कांपुढं तिला नात म्हणालात. सासऱ्याचे उपकार सून बोलून दाखवत नाही, म्हणून मी कधी बोलले नाही. आज बोलते. तुम्ही नसतात तर मी त्या हिवाळ्यात वेडी झाले असते, मामा.

आणि एवढं सगळं बोलायला शिकले, पण विचारायचं ते राहूनच गेलं. तिला कुठं ठेवलंत, हेही नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही, मीही तो हट्ट धरत नाही. जमीन आपलीच आहे, असेल कुठंतरी. पण रानात नेताना तुम्ही एकदा तरी फडकं बाजूला केलं असेल. तुम्ही केल्याशिवाय राहिला नसाल. या जगात तिचं तोंड नीट पाहिलेलं माणूस तुम्ही एकटेच होता.

कुणासारखी दिसत होती हो ती, मामा?